एक प्रश्न मागे

यशवंत, हे सांगायचं मी टाळत आलो. एखाद-दोन वर्षं नव्हे, जवळजवळ अर्धं आयुष्य. तू धडधाकट होतास तेव्हा टाळलं, तू अंथरुणाला खिळलास तेव्हा टाळलं. परवा तुझ्या तेराव्याला तुझ्या मुलीनं सरळ विचारलं, तेव्हाही टाळलं. आता तू ऐकणार नाहीस हे नक्की झाल्यावर मला कंठ फुटला आहे.

तेराव्याचंच आधी सांगतो. जेवणं आटोपली होती. रोडपालीला तुमच्या इमारतीखालच्या मांडवात आम्ही जुनी माणसं खुर्च्या ओढून बसलो होतो. तुझ्या गावचा बाळाराम तुझ्याबद्दल बोलत होता, आणि प्रेमानंच बोलत होता. "यशवंता म्हंजे डोका होता," म्हणाला. "फक्त त्याचा तो गेम फसला. आटवतंय नं? आजीला इचारला तुजा नवरा कुठं हाय, त आजी बोलते, वालत घातलाय!" मांडवात हशा पिकला. तेराव्याच्या मांडवात असं हसू येतं, त्यात कोणाच्या मनात पाप नसतं. माझ्या होतं. मीही हसलो.

तुझी शलाका पाण्याचा जग घेऊन उभी होती. ती हसली नाही. नंतर जिन्यापाशी मला गाठून म्हणाली, "दत्ताकाका, तो गेम तुम्ही दोघांनीच केला होता ना? बाबांचं इंजिन खरंच चुकलं होतं का?"

"जुनी गोष्ट आहे गं," मी म्हणालो. "तेव्हाचे कॉम्प्युटरच तसले."

म्हणजे तुझ्या तेराव्यालासुद्धा मी खोटंच बोललो. पहिल्यांदा बोललो तेव्हा निदान ते खोडून काढायला तू समोर होतास.

हे मी आपल्या पनवेलच्या साप्ताहिकात छापायला देणार आहे. खोटं चारचौघांत बोललो होतो, तर खरंही चारचौघांतच बोललं पाहिजे. म्हणून जे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं तेही थोडं समजावून सांगावं लागेल. मी चुकीचं समजावतोय असं वाटलं तर तू नेहमीसारखा कपाळाला हात लाव.

तेव्हा सीडी नवीन होती. लोक ती हातात घेऊन आधी तिच्यात तोंड बघायचे. लाइन आळीत माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं, तू तळोज्याच्या कारखान्यात मीटर आणि गेज दुरुस्त करायचास. शाळेपासूनची ओळख, पण दोस्ती झाली ती मी दुकानात कॉम्प्युटर घेतल्यावर. टेपवरचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारं एक कार्ड मी त्यात बसवून घेतलं होतं. तू ते बघितलंस आणि चहाचा कप हातातच राहिला.

"याच्यावर काय करतोस?"

"नवरा-नवरीच्या भोवती बदाम फिरवतो."

"बदाम!" तू म्हणालास. "अरे शूटिंगवाल्या, याच्यानं माणसाला बोलतं करता येईल. समोरच्यानं काही विचारलं की पडद्यावरचा माणूस त्याला उत्तर देईल. तू बदाम फिरवत बसलायस."

तेव्हापासून तू मला शूटिंगवाल्याच म्हणत राहिलास.

तू जे बनवलंस त्याला तू इंजिन म्हणायचास. पडद्यावर एक माणूस, खाली दोन-तीन प्रश्न. खेळणाऱ्यानं प्रश्नावर माउस दाबला की इंजिननं सीडीवरचा बरोबर तेवढाच तुकडा शोधून दाखवायचा, की मग पुढचे प्रश्न. ऐकायला सोपं वाटतं. पण तेव्हाच्या सीडी ड्राइव्हला एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला वेळ लागायचा. तेवढा वेळ पडदा काळा. परदेशातून आलेल्या असल्या गेममध्येसुद्धा दर उत्तराआधी असा काळोख व्हायचा आणि तुला त्याची चीड होती. "बोलता बोलता माणसानं डोळे मिटून मरून पडावं आणि परत उठावं, तसं वाटतं ते," तू म्हणायचास.

त्यावर तू युक्ती काढलीस. प्रत्येक माणसाचं एक उगाच बसलेलं चित्र घ्यायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, श्वास घ्यायचा आणि पापण्या मिटायच्या, बस. हा 'थांबा' कॉम्प्युटरच्या पोटात ठेवायचा, आणि सीडी तुकडा शोधत असेल तोवर तोच दाखवायचा. प्रत्येक उत्तर ज्या बैठकीत सुरू होईल त्याच बैठकीत संपलं पाहिजे, डावा हात गुडघ्यावर, नजर कॅमेऱ्यात, म्हणजे सांधा दिसणार नाही. समोरचा माणूस आपलं बोलणं ऐकून, विचार करून उत्तर देतोय असंच वाटेल.

आपला वाद त्यावरूनच सुरू झाला, आणि तो मिटला नाही. मी म्हणायचो, चित्र थांबलं की मेलं. तू म्हणायचास, चित्र थांबतं तेव्हाच बघणारा आत येतो, त्याला जागा ठेव. मी शूटिंगवाला. मला जागा ठेवायची सवय नव्हती. मला चौकट भरायची सवय होती.

गोष्टही तुझीच. खाडीत मिठानं भरलेला एक मचवा हरवतो आणि तो कुठे गेला हे खेळणाऱ्यानं गावात चारजणांना विचारून शोधायचं. तुझ्या गावच्या मिठागरावर आपण सुट्टीच्या दिवशी शूटिंग करायचो. जिथे कॅमेऱ्याचा स्टँड रोवायचो तिथे आज विमानं उतरतात. गाव उठलं, मिठागर भरावाखाली गेलं, पण तेव्हा हे कोणाला स्वप्नातही खरं वाटलं नसतं.

मचवा हरवलेल्या माणसाची बायको कोण होणार, यावर तू म्हणालास, "आये आहे की." मीही तिला आयेच म्हणायचो. तुमच्या घरी जेवायला बसलं की ताटात आधी चिमूटभर मीठ पडायचं, भाकरी-कालवण नंतर. पहिल्यांदा मी ताट ओढून घेतलं तर तिनं माझा हात मागे सारला होता. "थांब रं दत्तू. मिठागरवाल्याचा घर हाय. आदी मीठ, मंग बाकीचा." ते मीठ ती स्वतःच्या हातानं वाढायची, सुनेला नाही वाढू द्यायची.

तिचा 'थांबा' घेतला तो दिवस मला लख्ख आठवतो. अंगणात घोंगडीवर तिला बसवलं. मागे दोरीवर बोंबील वाळत होते.

"आता काय करू?" ती म्हणाली.

"काय नाय करायचं आये. नुसती बस," तू म्हणालास. "कोणीतरी काहीतरी विचारणार हाय, अशी बस."

"कोन इचारनार?"

"ते अजून माहीत नाय."

"मंग बसते की. तुज्या बापाची वाट बघून सवय झालीय."

आणि ती बसली. मी आयुष्यात हजारो माणसं कॅमेऱ्यापुढे बसवली, इतकं चांगलं कोणालाच बसता आलं नाही. मग तुला दिसलं की मागून कोंबडा चाललाय. 'थांबा'मध्ये कोंबडा आणि उत्तरात कोंबडा नाही, म्हणजे सांधा फुटला. तू कोंबडा धरायला धावलास. आये हसून लोटपोट. "शिनेमात कोंबडा पन चालत नाय तुज्या? सांज्याला कालवन करते त्याचा, म्हंजे सुटशील." सगळं पुन्हा घेतलं.

तिची उत्तरं तिनं स्वतःच्याच शब्दांत दिली. 'आजी, हा बोंबील बाहेर का?' या प्रश्नाला ती हनुवटीनं दोरीकडे दाखवून म्हणाली, "ह्यो? वालत घातलाय उनात. मांजर नेल म्हनून राकन बसलंय." पुढचा प्रश्न होता, 'आजी, तुमचा नवरा कुठे आहे?' तू तिला शिकवलं होतंस की 'मचवा घेऊन गेलाय, अजून आला नाय' एवढंच म्हण. ती तेवढंच म्हणाली नाही. म्हणाली, "गेला. खाडी भरली व्हती, मी नको बोलले. चप्पल बांदावर काडून ठेवली न् गेला. ती चप्पल हाय माज्याकडं. तुमी बोलाल कशाला ठेवलीस. आला त पायात काय घालल?" आणि डोळ्यांना पदर न लावता, हात गुडघ्यावर तसाच ठेवून, ती कॅमेऱ्यात बघत राहिली. गालांवरून पाणी वाहत होतं, पण तू सांगितलेली बैठक तिनं मोडली नाही.

तुझे वडील गेले तेव्हा तू पाळण्यात होतास. चपलेचं तुला ठाऊक नव्हतं. तू माइकची वायर धरून भिंतीला टेकून उभा होतास आणि माझ्याकडे बघून मान हलवलीस, म्हणजे पुरे. हा तुकडा दुसऱ्यांदा घ्यायचा नाही, असं त्या मानेनं मला सांगितलं.

आता माझ्याकडे येतो.

मिठागराचा एक शॉट मी घेतला होता. संध्याकाळ, आगरात उभं पाणी, मिठाचे ढीग तांबडे झालेले, आणि बांधावरून डोक्यावर टोपल्या घेऊन चाललेल्या बाया पाण्यात उलट्या दिसतायत. लग्नाच्या मांडवाबाहेर पडून मी घेतलेली ती पहिलीच चांगली गोष्ट. तू तो काढून टाकलास. "सुंदर आहे," म्हणालास, "पण खेळणारा कंटाळेल. त्याला प्रश्न विचारायचाय, त्याला सूर्य नको." मी वरवर हो म्हटलं, पण आतून फार लागलं. बदाम फिरवणाऱ्याला काय कळतं, असंच तू म्हणालास असं मला ऐकू आलं. तू तसं म्हणाला नव्हतास.

सगळे तुकडे माझ्या कॉम्प्युटरवर एका लांबलचक फितीसारखे ओळीनं जोडले होते. कुठला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, त्याच्या खुणा तू मोजून इंजिनला शिकवल्या होत्यास; सीडीवर फक्त चित्रं, इंजिन वेगळं. मोजून झाल्यावर तू मला बजावलंस, "दत्ता, आता इकडचा केससुद्धा तिकडे करायचा नाही. पुढचं सगळं सरकेल." तू कामावर गेलास. सीडी मुंबईला जाऊन उमटवून आणायची होती, ते माझ्याकडे होतं. आणि निघायच्या आधी, भर दुपारी, दुकानाचं शटर अर्धं ओढून, मी माझा शॉट परत घातला. मिठागर लागतं तिथेच, आयेच्या उत्तरांच्या आधी. फार मोठा नव्हता, साधारण तिच्या एका उत्तराएवढा. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय. खरं सांगू का, 'पुढचं सगळं सरकेल' हे मला समजलं नव्हतं असं नाही. ते समजून घ्यायचं नव्हतं. सोनेरी सीडी घेऊन मी परत आलो, सुरुवातीचा भाग लावून बघितला, ठीक चालला, आणि तुला सांगितलं, तपासली.

गावच्या शाळेत कार्यक्रम ठेवला होता. मोठा टीव्ही भाड्यानं आणला होता. सगळं गाव, आणि ज्या माणसावर तुझी सगळी आशा होती तो मुंबईच्या कंपनीतला पाहुणा. त्याला पसंत पडलं तर तुझं इंजिन तो घेणार होता, त्यावर आणखी गेम करणार होता, तू कारखाना सोडणार होतास. आये नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत.

पाहुण्याच्याच हातात माउस दिला. तो मिठागरावर पोचला आणि माझा शॉट लागला. लोक 'वा' म्हणाले. तू दचकून माझ्याकडे बघितलंस. मी दुसरीकडे बघितलं. मग आये पडद्यावर आली, बसून राहिली, गाव टाळ्या वाजवायला लागलं. पाहुण्यानं विचारलं, 'आजी, तुमचा नवरा कुठे आहे?'

"ह्यो? वालत घातलाय उनात. मांजर नेल म्हनून राकन बसलंय."

तू सांधे इतके बेमालूम केले होतेस की चूक झाली असं कोणाला वाटलंच नाही. ती म्हातारीच तसं म्हणाली असं दिसलं. सगळी शाळा हसण्यानं फुटली. पाहुणाही हसला. हसता हसता त्यानं पुढचा प्रश्न दाबला, 'आजी, चहा मिळेल का?'

"गेला," आये म्हणाली. "खाडी भरली व्हती, मी नको बोलले..."

ती एक प्रश्न मागे पडली होती, यशवंत. चहा मागितला तर ती नवरा बुडाल्याचं सांगत होती. लोकांचं आधीचं हसू अजून संपलं नव्हतं, ते या उत्तरावर सांडलं. चपलेवर सांडलं. पडद्यावर तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पोरं बाकं बडवत होती. पहिल्या रांगेतली आये मागे वळून बघत होती, एवढे का हसतात म्हणून. मग तिनं तुझा हात धरला. "मी असा नाय बोल्ली रे यशा. बोल्ली मी असा?"

मला त्या क्षणी कळलं होतं. नंतर केव्हा तरी नाही, घरी गेल्यावर नाही, तिथेच, दुसऱ्या उत्तराला. पाहुण्यानं विचारलं, "काय झालं हे?" आणि तू तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "माझं शूटिंग बरोबर आहे साहेब. याचा प्रोग्राम चुकलाय."

तू माझ्याकडे बघितलंस.  मी जे बोललो ते मागे घेतलं नाही.

अजून एक आहे. हे लिहायला हात धजत नाही, पण अर्धं खरं सांगण्यात अर्थ नाही. शाळेतून मी तडक दुकानात गेलो आणि कॉम्प्युटरमधली ती फीत पुसून टाकली, तू तपासायला येशील म्हणून. तू आला नाहीस.

पाहुणा परत आला नाही. तू कारखान्यातूनच निवृत्त झालास. पुढे कोणाला एक विचारलं आणि त्यानं भलतंच सांगितलं की गावात म्हणायला लागले, 'यशवंताचा गेम झाला तुजा.' तुझ्या देखत म्हणायचे आणि तू हसायचास. आयेसुद्धा त्या हसण्याबरोबर जगली आणि गेली. आपली मैत्री मात्र तुटली नाही. दिवाळीला मी तुमच्याकडे, तू माझ्याकडे. माझ्या पोराच्या लग्नात तू तीन दिवस राबलास. तुला काही कळलेलं नाही, अशी मी माझी समजूत घातली होती. त्या समजुतीवर मी म्हातारा झालो.

इस्पितळात आलो ती आपली शेवटची भेट. दुपारची वेळ. नाकात नळी होती, तुला फार बोलवत नव्हतं. मी तिथल्या कँटीनला शिव्या घालत होतो, गप्प बसायची भीती वाटत होती म्हणून. तू मधेच म्हणालास, "दत्ता. तुझा तो मिठागराचा शॉट."

"कुठला?"

"संध्याकाळचा. चांगला होता रे."

आणि तू बघत राहिलास. उशीला टेकून, हात चादरीवर, नजर माझ्यावर. पापण्या मिटायच्या, उघडायच्या. तू मला जागा ठेवली होतीस. एवढी मोठी जागा मला आयुष्यात कोणी ठेवली नव्हती.

मी म्हणालो, "डॉक्टर काय म्हणतात?"

तू म्हणालास, "बरं म्हणतात."

तेराव्यानंतर मला घरात बसवेना. काल परत रोडपालीला गेलो. दार शलाकानं उघडलं. मी चप्पल काढायच्या आधीच तिला म्हणालो, "तुझ्या बाबांचं इंजिन चुकलं नव्हतं. मी चुकवलं." आणि दारातच सगळं सांगितलं. सुमनवहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्या शलाकाला एवढंच म्हणाल्या, "लॅपटॉप आण."

तीच सोनेरी सीडी. तुझा जुना कॉम्प्युटर, इंजिनसकट, नव्याच्या पोटात कसा चालवायचा हे तूच शलाकाला शिकवलं होतंस म्हणे, पण ही सीडी तू कधी तिच्यापुढे लावली नव्हतीस. ती वहिनींच्या कपाटात होती. शलाकानं ती लावली. मिठागर आलं. माझा शॉट आला. कुठे काही तुटलं नाही. पाण्यातल्या उलट्या बाया बांधाच्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग आये. शलाकानं विचारलं, 'आजी, तुमचा नवरा कुठे आहे?'

"गेला," आये म्हणाली.

प्रत्येक उत्तर आपापल्या जागी. सीडी तीच ठेवून इंजिनमधली प्रत्येक खूण तू नव्यानं मोजली होतीस. मी घुसडलेला शॉट तुला नुसता ओलांडून जाता आला असता, कोणाला दिसलाही नसता. तू तो ठेवलास. तुमच्या मिठागरावर मीठ वाहणाऱ्या बायांचं हलतं-चालतं चित्र आता तेवढं एकच उरलंय.

"कार्यक्रमाच्या दुसऱ्याच रविवारी यांनी हे दुरुस्त केलं," वहिनी म्हणाल्या. "आईंना दाखवलं. आई म्हणाल्या, मग त्या दत्तूला बोल, गावाला सांग. हे म्हणाले, तो लग्नाच्या शूटिंगवर जगतो आये. त्यानं टेप बदलली आणि वर माझ्यावर ढकललं हे कळलं तर कोण बोलवेल त्याला? माझा पगार चालू हाय."

"मग आये काय म्हणाली?" मी विचारलं.

"आई म्हणाल्या, मंग मी त्याला घरात घेऊ का नको? हे म्हणाले, घे, जेवायला पण वाढ. आई म्हणाल्या, वाडीन. पन मीठ नाय घालनार मी त्याच्या पानात."

यशवंत, त्यानंतर किती वेळा मी तुमच्याकडे जेवलो असेन. ताटात सगळं असायचं आणि मिठाची जागा रिकामी. मला वाटायचं, आये आता थकली, विसरते. मी आपला हात लांब करून मीठ घ्यायचो आणि पुढे बोलत राहायचो.

"मला तुमचा राग यायचा भावजी," वहिनी म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू, अजून येतो. हे म्हणायचे, दत्ता सांगेल, त्याला वेळ दे. दर दिवाळीला तुम्ही आलात की मी आतून कान देऊन ऐकायची. आज सांगतील. तुम्ही फराळ करायचे आणि जायचे."

मग म्हणाल्या, "जेवूनच जा." ताट आणलं. भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण, भात. मीठ नव्हतं. मी मागितलं नाही. तसंच जेवलो.

शलाकानं लॅपटॉप बंद केला नव्हता. समोर आये बसली होती, हात गुडघ्यावर, श्वास घेत, पापण्या मिटत, कोणी काहीतरी विचारेल म्हणून. खाली प्रश्न होते, बोंबलाचा, नवऱ्याचा, चहाचा. मला जे बोलायचं होतं ते तिथे नव्हतं, कसं असणार? ते तुझ्याशी बोलायचं होतं, आणि तू इतकी वर्षं त्यासाठी थांबला होतास.

आये, तू रडत होतीस आणि गाव हसलं, ते माझ्यामुळे.

यशवंत, शॉट मी घातला होता, तू नको म्हटल्यावर, तुला न सांगता. तुझं इंजिन बरोबर होतं, शेवटच्या खुणेपर्यंत बरोबर होतं. चुकलो मी, आणि नाव तुझं घेतलं. मला माफ कर.